काल पोचणारं विमान

या रे पोरांनो, बसा. आज अशा विमानाची गोष्ट सांगतो, जे मंगळवारी सकाळी निघतं आणि सोमवारी संध्याकाळी उतरतं. थाप नाही, अगदी खरं.

पॅसिफिक महासागरात पूर्वेला हवाई बेटांवरचं होनोलुलू आणि पश्चिमेला ग्वाम बेट. दोन्हीकडे झेंडा अमेरिकेचाच. पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो 55 अंशांचा भाग व्यापतो. एका अंशाला 111 किलोमीटर धरा, म्हणजे झाले साधारण 6,100 किलोमीटर. खाली जवळजवळ सगळं पाणीच!

अंतर जाता-येता सारखंच, वेळ मात्र नाही. ग्वामला जायला पावणेआठ-आठ तास, परतायला सातच्या आसपास. आता कुणी म्हणेल, "आजोबा, पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना? मग विमान नुसतं वर थांबलं तरी ग्वाम आपणहून खाली येईल!" फार छान प्रश्न आहे हा. पण तसं असतं तर ग्वामला जाणंच लवकर झालं असतं. घडतं उलटंच, कारण पृथ्वी आपली हवाही सोबत घेऊन फिरते.

आणि ती हवा काय करते, बघा. विषुववृत्ताजवळ तापून ती वर चढते आणि उत्तरेकडे सरकते. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर सर्वांत मोठा, म्हणून तिथली हवा पूर्वेकडे सर्वांत वेगानं जात असते. उत्तरेला घेर लहान, जमिनीचा वेग कमी. हवा मात्र आपला वेग घेऊनच येते, त्यामुळे जमिनीच्या पुढे पूर्वेला धावते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरचे हे पश्चिमी वारे हिवाळ्यात विशेष जोरात असतात. ग्वामला जाताना ते विमानाच्या तोंडावर येतात, परतताना पाठीशी.

राहिला वाराचा घोळ. ग्वामचं घड्याळ होनोलुलूच्या 20 तास पुढे असतं. ग्वामला मंगळवारी सकाळी 7 वाजता विमान सुटलं, तेव्हा होनोलुलूत सोमवारचे 11 वाजलेले. त्यात सात तास मिळवा. सोमवार, संध्याकाळचे 6!

याच ग्वामला दर्यावर्दी मॅगेलनची जहाजं 6 मार्च 1521 रोजी लागली. पॅसिफिक ओलांडायला त्यांना तीन महिने वीस दिवस लागले होते. मॅगेलन पुढे फिलिपाइन्समध्ये मारला गेला. त्याच्या ताफ्यातलं 'व्हिक्टोरिया' जहाज 1522 मध्ये केप व्हर्दे बेटांपाशी आलं, तेव्हा त्यावरच्या पिगाफेट्टा नावाच्या प्रवाशाच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार! त्यानं एकही दिवस लिहायचा चुकवला नव्हता. सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे जात पृथ्वीला पूर्ण फेरी मारली, म्हणून त्यांच्या वाट्याला एक सूर्योदय कमी आला.

तो हिशेब आज 180 रेखांशाच्या आसपासची आंतरराष्ट्रीय वाररेषा ठेवते. ती पश्चिमेकडे जाताना ओलांडली की एक वार पुढे, पूर्वेकडे जाताना ओलांडली की एक वार मागे.