पाच दाण्यांचे इंग्रजी

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी तर मुलांना इंग्रजी माध्यमातच घातले आहे. संध्याकाळची शिकवणी वेगळीच. तरीही पाचवी-सहावीतल्या मुलाला ‘काल काय झाले ते इंग्रजीत सांग’ म्हटले, की पुष्कळदा दुसऱ्या वाक्यालाच गाडी अडते. शब्द पाठ असतात, स्पेलिंग बिनचूक असते. पण घडलेली गोष्ट ओळीने सांगता येत नाही.

व्यापाऱ्याच्या घरात ही उणीव किरकोळ नव्हे. परदेशातील पुरवठादाराला लिहावयाचे पत्र म्हणजे तरी काय? माल अमुक दिवशी आला, खोकी उघडली, दोन फुटलेली निघाली, आम्ही त्याच दिवशी कळविले. भूतकाळात, क्रमाने सांगितलेली ती एक लहानशी कथाच असते. हे कौशल्य शब्दांच्या याद्यांतून येत नाही. ते गोष्ट ऐकून आणि सांगून येते, आणि म्हणूनच परकी भाषा शिकविणारे जाणते शिक्षक परीकथेकडे वळतात.

तीन अस्वलांची गोष्ट घ्या. रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीने ती १८३७ साली छापली. (त्याच्या कथेत अस्वलांच्या घरात शिरते ती एक म्हातारी, सोनेरी केसांची मुलगी मागाहून आली.) लापशीचा वाडगा, खुर्ची आणि बिछाना पाहून तिन्ही अस्वले आळीपाळीने एकच तक्रार करतात, की येथे कोणीतरी येऊन गेले आहे. तीन वस्तू, तीन अस्वले. म्हणजे एकच वाक्यरचना नऊ वेळा. ‘हॅज बीन’ची वाक्ये वहीत नऊदा लिहावयास सांगितली, तर मूल जांभया देईल. येथे मात्र थोड्याच वेळात ते बाळ-अस्वलाच्या बारीक आवाजात स्वतःहून वाक्य पुरे करू लागते.

रशियन लोककथेतील प्रचंड सलगमही असाच. आजोबा ओढतात, आजी येते, नात येते, मग कुत्रा, मांजर आणि शेवटी उंदीर. प्रत्येक वेळी साखळी पहिल्यापासून म्हणावयाची. आता सलगम पडले कंदमूळ. आपल्या अनेक घरांत ते वर्ज्य, तेव्हा मूल हटकून विचारणार, की हे लोक ते खाणार का? विचारू द्यावे. ‘वुई डोन्ट ईट टर्निप्स’ हे त्याचे स्वतःचे, कोठेही पाठ न केलेले इंग्रजी वाक्य ठरेल.

खरा संकोच दुसऱ्याच गोष्टींचा आहे. ग्रिम बंधूंचा पहिला खंड १८१२ चा. त्यात लांडगा आजीला गिळतो, चेटकिणीला भट्टीत ढकलले जाते. अहिंसेच्या संस्कारात वाढणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला हे सांगू नये, असे माझे मत आहे. मात्र गोष्ट पिळून गुळमुळीत करण्यापेक्षा दुसरी निवडणे बरे. जॅक आणि घेवड्याच्या वेलाची कथा तर चोरी आणि हत्या यांवरच उभी आहे. इंग्रजांनाही ते खुपले असावे. १८०७ च्या टॅबर्टच्या आवृत्तीत एक परी येऊन सांगते, की राक्षसाने आधी जॅकच्या बापाला लुबाडले होते. जोसेफ जेकब्सने १८९० च्या संग्रहात हे समर्थन गाळून टाकले. त्याचा जॅक एक दुभती न राहिलेली गाय देऊन घेवड्याचे पाच दाणे घेतो आणि आई ते रागाने खिडकीबाहेर फेकते.

पाच दाणे, आणि ते फेकणारी स्त्री! श्वेतांबर आगमांतील सहावे अंग ज्ञाताधर्मकथा. त्यातली रोहिणीची कथा आपल्या पाठशाळांत सांगितली जाते. राजगृहाचा धन्य सार्थवाह चार सुनांना साळीचे पाच-पाच दाणे देतो. उज्झिका ते फेकते, भोगवती खाते, रक्षिका पेटीत जपून ठेवते, रोहिणी पेरविते. पाच वर्षांनी सासरा दाणे परत मागतो, तेव्हा रोहिणीचे दाणे आणावयास गाड्या लागतात. मुळात हे दाणे म्हणजे पंचमहाव्रते. पण भाषाशिक्षकाच्या दृष्टीनेही कथा नामी आहे. थ्रू, एट, केप्ट, ग्रू: चारही क्रियापदे अनियमित, एकालाही ‘ईडी’ लागत नाही, आणि सासऱ्याचा प्रश्न चारदा तोच.

आजीने ती प्रथम मराठीत सावकाश, पूर्ण सांगावी. दुसऱ्या दिवशी तळहातावर खरेच पाच दाणे ठेवून तीच इंग्रजीत, लहान वाक्यांत. प्रत्येक वाक्याचे भाषांतर करू नये. कथा ठाऊक असल्याने अर्थ आधीच मुलाच्या हाती असतो. तिसऱ्या दिवशी मुलाने आजीला सांगावी. आजीला इंग्रजी येत नसले तरी भोगवती राहून गेली, हे तिला चटकन कळेल. एरवी नातवाचे इंग्रजी सुरू झाले, की तिला खोलीतून उठून जावेसे वाटते. येथे ती परीक्षक आहे.

मोठ्या मुलांसाठी पंचतंत्र आहे. आर्थर रायडरचे १९२५ चे प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर पूर्णभद्र या जैन मुनींनी ११९९ साली सिद्ध केलेल्या पाठावरून झाले आहे. अमेरिकेत छापलेले ते पुस्तक त्या अर्थाने आपल्याच पेढीचा माल.

रोहिणीची गोष्ट संपल्यावर मुलाला विचारून पाहावे, की रक्षिकेचे काय चुकले? सासऱ्याने तिला भांडाराच्या किल्ल्या दिल्या, घर मात्र रोहिणीच्या हाती सोपविले. दुकानात वाढलेले मूल भांडवल सुरक्षित ठेवणारीची बाजू घेऊन भांडेल, बहीण रोहिणीची घेईल, आणि दोघांनाही दर वाक्यात ‘बिकॉज’ लागेल.