मातीचा नमुना: खतासाठी वेगळा, पेट्रोलसाठी वेगळा



माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. शेतात आठ-दहा ठिकाणी १५ सेंटिमीटर खोल खड्डे करावयाचे, सगळी माती एकत्र मिसळावयाची, सावलीत वाळवावयाची आणि त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत भरून द्यावयाची. नत्र, स्फुरद, पालाश तपासण्यासाठी ही रीत उत्तम आहे. परंतु विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा किंवा डिझेलचा वास येऊ लागला आणि जवळपास इंधनाची जमिनीखालची टाकी असली, तर हीच रीत आपला पुरावा घालवून बसेल. पेट्रोल हवेत उडून जाते. माती मिसळली व वाळवली, की जे शोधावयाचे तेच नाहीसे होते.

आपल्या निंबोल्यासारख्या रस्त्यालगतच्या गावांनी हे समजून घेणे अगत्याचे आहे. लोखंडी टाकी किंवा तिची नळी वर्षानुवर्षे ओल्या मातीत राहिली की गंजते. दर सेकंदाला एकच थेंब गळला, तरी दिवसाला सुमारे ४ लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटर होतात. वरून मात्र काहीच दिसत नाही.

हे इंधन जाते कोठे? काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांतून, मुरमातून आणि कातळाच्या फटींतून ते खाली उतरते. पेट्रोल पाण्याहून हलके असल्यामुळे भूजलावर तरंगते आणि पाण्याबरोबर उताराकडे सरकते. जमिनीखालचे पाणी वाहते, हे बुऱ्हाणपूरकरांना सांगावयास नको. १६१५ च्या सुमारास बांधलेल्या कुंडी भंडाऱ्याने सातपुड्याच्या बाजूचे भूजल उतारानेच शहरात आणले. पाणी ज्या वाटेने येते, त्याच वाटेने त्यातील दोषही येतो. गोव्यात दाबोळीजवळ माटवे येथे ऑगस्ट २०२३ मध्ये भूमिगत इंधनवाहिनीच्या गळतीमुळे विहिरींत पेट्रोल उतरले आणि एका विहिरीने पेट घेतला.

तेव्हा अशा ठिकाणी नमुना घेण्याची रीत अशी असते:

१. वरची माती उपयोगाची नाही. टाकीच्या तळाच्या पातळीची व त्याखालची माती गिरमिटाने काढतात. नळ्यांच्या सांध्यांजवळचीही घेतात.

२. टाकीच्या उताराकडील बाजूस नमुने अधिक घेतात. चढाकडील स्वच्छ जागेचा एक नमुना तुलनेसाठी ठेवतात.

३. प्रत्येक जागेची माती निराळी ठेवतात. ती काचेच्या बरणीत हवा न राहील अशी ठासून भरून, झाकण घट्ट लावून लगेच बर्फात ठेवतात. प्लॅस्टिकची वा कापडी पिशवी चालत नाही.

४. बरणीवर जागा, खोली, तारीख व वेळ लिहितात. विहिरीच्या पाण्याचा नमुनाही सोबत पाठवितात.

जुनी टाकी काढून नवी बसवितात, तेव्हा खड्डा उघडा असतो. तळाची माती तपासण्याची ती सर्वांत चांगली संधी होय. खड्डा बुजविण्यापूर्वी नमुना घेतला का, हे ग्रामपंचायतीने अवश्य विचारावे.

हे काम मात्र आपण स्वतः करू नये. टाकीजवळ पहार मारणे म्हणजे आगीला आमंत्रण. कलेक्टर कचेरी व मध्यप्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. टाक्यांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. अर्जात वास प्रथम केव्हा आला, पावसानंतर तो वाढतो की कमी होतो, विहीर टाकीपासून किती अंतरावर आहे, हे लिहावे. नेहमीच्या माती परीक्षण केंद्रात ही तपासणी होत नाही, म्हणून तेथे माती देऊन निर्धास्त राहू नये.

अहवाल येईपर्यंत त्या विहिरीचे पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका, गुरांनाही दाखवू नका. पेट्रोलमधील बेंझीन या द्रव्याने रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. तुरटीने किंवा ब्लीचिंग पावडरने ते जात नाही. पाणी उकळणे तर धोक्याचे, कारण वाफ घरात पसरते आणि पेटूही शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे विहिरीत साचून राहते. म्हणून विहिरीत उतरू नका, काठावर विडी ओढू नका, तेथील मोटार चालू करू नका.

नव्या पंपांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये शाळा, इस्पितळे व वस्तीपासून ५० मीटर अंतर सांगितले, तेही अडचण असल्यास ३० मीटरपर्यंत कमी होऊ शकते. पण भूजल मीटर मोजून थांबत नाही. ज्याची विहीर उताराला आहे, त्याने आपले नाक जागे ठेवावे. केळीच्या बागेवर करपा आला तर आपण त्याच दिवशी धावपळ करतो. पाण्याला वास आला तर तितकीच घाई करावी, कारण तेच पाणी आपली लेकरे पितात.