पाण्याखालचे पहिले व्यक्तिचित्र : सत्राआधीची तयारी

जानेवारी १९२७ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या अमेरिकन मासिकाने पाण्याखाली टिपलेली रंगीत छायाचित्रे प्रथमच प्रसिद्ध केली. फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँग्ली आणि चार्ल्स मार्टिन यांनी ती आदल्या वर्षी घेतली होती. पाण्याखाली पुरेसा उजेड पोहोचावा म्हणून त्यांनी तरंगत्या तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवली होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तथापि, माणूस समुद्राच्या तळाशी रंग शोधू लागला होता, त्याच वर्षी आपल्या आजोबा-पणजोबांना सार्वजनिक तळ्याच्या पाण्याला स्पर्श करण्यासाठी सत्याग्रह करावा लागत होता.

२० मार्च २०२७ हा त्या सत्याग्रहाचा शताब्दी दिन. त्या निमित्ताने पार्सिपनी आणि परिसरातील आम्ही पाच कुटुंबांनी एक संकल्प केला आहे. व्याख्याने आणि अभिवादन तर होईलच. त्याखेरीज तीन पिढ्यांची व्यक्तिचित्रे पाण्यात आणि पाण्याखाली टिपून घ्यायची. आमच्यापैकी कोणीही यापूर्वी असे छायाचित्रण केलेले नाही. गेले काही महिने छायाचित्रकारांशी आणि पोहण्याच्या शिक्षकांशी बोलून जी माहिती हाती आली, ती आपल्या वाचक कुटुंबांच्या उपयोगी पडावी, म्हणून येथे मांडत आहोत.

आरंभ पोहण्यापासून

कॅमेरा, प्रकाशयोजना, पेहराव या सर्व गोष्टी नंतरच्या आहेत. पाण्याखाली चेहरा काहीही लपवू शकत नाही. फुगलेले गाल, घट्ट मिटलेले डोळे, ताठ झालेली बोटे यांतून मनातील भीती छायाचित्रात जशीच्या तशी उतरते. म्हणून पहिली तयारी पाण्याशी ओळख करून घेण्याची आहे आणि तिला काही आठवडे नव्हे, काही महिने द्यावे लागतात.

आपल्या बाबतीत ही ओळख केवळ वैयक्तिक आवडीनिवडीचा प्रश्न नाही. महाराष्ट्रातील गावांत मुले पाठीला रिकामा डबा किंवा सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. ती विहीर ज्यांच्या मालकीची, त्यांची मुले शिकली. ज्यांना त्या विहिरीच्या काठावरही उभे राहता येत नव्हते, त्यांनी पोहायला कोठे शिकावे? नदीचा डोह जवळ असेल तर मुलगे कसेबसे शिकले. मुली तर काठावरच राहिल्या. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. तरीही चवदार तळ्याचा खटला १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात निकाली निघेपर्यंत लढावा लागला. तो लढा पाणी पिण्याच्या हक्कासाठी होता. पाण्यात आनंदाने उतरण्याची गोष्ट त्याहून फार दूरची होती.

ज्या देशात आपण राहतो, तेथील कृष्णवर्णीयांचा इतिहासही याहून वेगळा नाही. आपल्याच न्यू जर्सीत, हडसनच्या कड्यावरील पॅलिसेड्स उद्यानाच्या जलतरण तलावात कृष्णवर्णीयांना प्रवेश नाकारला जात असे. १९४७ च्या उन्हाळ्यात ‘कोर’ या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय आंदोलक एका मोटेलच्या तलावात एकत्र उतरले, तेव्हा व्यवस्थापकाने त्या पाण्यात आम्ल ओतले. आईवडिलांना पोहता येत नसेल, तर मुलाने पोहायला शिकण्याची शक्यता अवघी १९ टक्के असते, असे यूएसए स्विमिंग फाउंडेशन सांगते. पाण्यापासूनचा दुरावाही असा वारशाने पुढच्या पिढीकडे जातो.

आमच्या घरांत मात्र हा क्रम उलटा फिरतो आहे. मुली सफाईने पोहतात, आया कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहतात आणि आजी काठावरच्या बाकावर टॉवेल घेऊन बसतात. म्हणून आम्ही ठरवले की, आधी प्रौढांनी पोहण्याचा वर्ग लावायचा आणि छायाचित्रकाराची तारीख त्यानंतर घ्यायची. चेहरा पाण्यात बुडवून सावकाश श्वास सोडणे, पाठीवर निश्चिंत तरंगणे, पाण्याखाली डोळे उघडणे आणि खोल बाजूकडून स्वतःच्या बळावर काठाला येणे, या चार गोष्टी ज्याला जमल्या, त्यानेच पाण्याखालच्या छायाचित्रासाठी नाव द्यावे.

जागा आणि पाणी

पार्सिपनीत तळ्यांची वाण नाही. परंतु तळ्याचे पाणी गढूळ असते आणि न्यू जर्सीतला मार्च थंड असतो. पाणी शरीरातील उष्णता हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. कुडकुडणारा माणूस चेहरा शांत ठेवू शकत नाही. म्हणून बंदिस्त, तापवलेला तलावच हवा. शर्यतींसाठीच्या तलावाचे पाणी साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस असते. या कामासाठी ३० अंशांच्या आसपासचे पाणी अधिक सोयीचे. व्यवस्थापनाची लेखी परवानगी, छायाचित्रकाराचा विमा आणि पूर्ण वेळ एक जीवरक्षक या तीन बाबी तारीख निश्चित करण्यापूर्वीच पक्क्या कराव्यात.

तलावातील क्लोरीनच्या वासाला आपण नाक मुरडतो. परंतु त्याचाही एक इतिहास आपल्या दारातच आहे. पार्सिपनीला लागून असलेल्या बूनटन जलाशयावर २६ सप्टेंबर १९०८ रोजी डॉ. जॉन लील आणि अभियंता जॉर्ज फुलर यांच्या प्रयत्नांतून जर्सी सिटीच्या पिण्याच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन मिसळण्यास प्रारंभ झाला. अमेरिकेतील सार्वजनिक पाणीपुरवठ्यातला हा असा पहिलाच सातत्याचा प्रयोग होता. पुढे १९२७ मध्ये महाडला आपल्या माणसांच्या स्पर्शाने तळे बाटले, असे मानून सनातन्यांनी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतले आणि त्याला शुद्धीकरण म्हटले. पाणी शुद्ध कशाने होते, हे मुलांना समजावून सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हांला सापडले नाही.

प्रकाश, भिंग आणि रंग

१८९९ मध्ये फ्रान्सच्या लुई बूताँ यांनी एमिल राकोव्हिट्झा या रुमानियन शास्त्रज्ञाचे पाण्याखाली छायाचित्र घेतले. ते पाण्याखालचे पहिले व्यक्तिचित्र मानले जाते. तंत्र पुष्कळ पुढे गेले. पाण्याचे नियम मात्र तेच राहिले. पाणी प्रथम तांबडा रंग गिळते. सुमारे पाच मीटर अंतरात तो बहुतांशी नाहीसा होतो. येथे केवळ खोली मोजून भागत नाही. प्रकाशाने पाण्यातून कापलेले संपूर्ण अंतर, म्हणजे दिव्यापासून चेहऱ्यापर्यंत आणि चेहऱ्यापासून कॅमेऱ्यापर्यंत, जमेस धरावे लागते. आपली सावळी कांती त्यामुळे निस्तेज, निळसर दिसू शकते. उपाय एकच : विस्तृत कोनाचे भिंग वापरून छायाचित्रकाराने जवळ यावे आणि फ्लॅश चेहऱ्याजवळ, पण दोन्ही बाजूंनी तिरका ठेवावा. फ्लॅश समोरून टाकल्यास पाण्यातील सूक्ष्म कण उजळतात आणि छायाचित्रावर हिमवर्षाव झाल्यासारखे दिसते. छायाचित्रकार निवडताना त्याने काळ्या-सावळ्या माणसांची पाण्याखाली घेतलेली छायाचित्रे आधी पाहून घ्यावीत.

कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीला हाउसिंग म्हणतात. तिच्या रबरी कड्यात एखादा केस अडकला, तरी पाणी आत शिरते. म्हणून कॅमेरा न ठेवता रिकामी पेटी आधी पाण्यात बुडवून पाहतात. चाचणीशिवाय काहीही वापरात आणायचे नाही, हा नियम संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या वाचकांना निराळा सांगायला नको.

पेहराव

येथे आपल्या आवडीला थोडी मुरड घालावी लागेल. निळा हा आपल्या चळवळीचा रंग. पण तलावाच्या निळ्या पार्श्वभूमीत निळी साडी विरून जाते. निळीच नेसायची असेल, तर मागे काळा पडदा लावावा. धम्मकार्यात आपण पांढरी वस्त्रे नेसतो. पांढरे कापड ओले होताच पारदर्शक होते आणि फ्लॅशच्या उजेडात त्याचे पोत नाहीसे होते. त्याखाली पांढऱ्याऐवजी अंगाच्या रंगाचे अस्तर हवे. सुती साडी पाणी शोषून जड होते आणि अंगाला चिकटते. जॉर्जेट किंवा शिफॉन पाण्यात सुंदर पसरते. पाचवारीच्या निऱ्या पायांभोवती गुंडाळल्या जाण्याचा धोका असतो. कासोट्याच्या नऊवारीत पाय मोकळे राहतात, म्हणून ती अधिक सुरक्षित. मात्र तिचा पदर आखूड ठेवावा. गळ्याभोवती ओढणी किंवा दोरा असू नये. बोटातील सैल अंगठ्या घरी ठेवाव्यात. साडी आदल्या आठवड्यात बादलीत भिजवून तिचा रंग सुटत नाही ना, हे पाहावे. तीच साडी नेसून उथळ पाण्यात एकदा पोहून बघावे. जीवरक्षकाजवळ कात्री असलीच पाहिजे.

केसांना तेल लावू नये; त्याचा तवंग पाण्यावर येतो. काजळ पाण्यात न पसरणारे असावे आणि डोळ्यांतील लेन्स काढून ठेवाव्यात.

श्वास

फुप्फुसे भरलेली असतील, तर शरीर वर येते. म्हणून निम्मा श्वास हळूहळू सोडून खाली जावे, पाच-दहा सेकंद स्थिर राहावे आणि वर यावे. पुढच्या बुडीआधी श्वास पूर्ववत होईपर्यंत विश्रांती घ्यावी. बुडी घेण्यापूर्वी जोरजोराने, भराभर श्वास घेण्याची युक्ती कोणी सुचवली, तर ती कटाक्षाने टाळावी. त्याने शरीरातील कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची निकड जाणवत नाही आणि माणूस पाण्याखाली अचानक बेशुद्ध होऊ शकतो. आनापानसतीच्या सरावाने मन स्थिरावते, हा आमच्यातील काहींचा अनुभव आहे. मात्र आनापानसती श्वास जाणण्याची साधना आहे, रोखण्याची नव्हे, हा भेद विसरू नये. सर्दी असेल तर कान दुखतात. त्या दिवशी सत्र पुढे ढकलावे. हृदयविकार, दमा किंवा फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याखेरीज पाण्याखाली जाऊ नये. लहान मुलांना एकदा नको म्हणाल्यावर आग्रह करू नये.

ज्यांना पाण्याखाली जायचे नाही

आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ आजी बहात्तर वर्षांच्या आहेत. लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांची घागर दुसऱ्यांनी वरून पाणी ओतून भरायची, हे त्यांनी पाहिले आहे. पाण्याखाली जाण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला आणि तो आम्ही मानला. त्यांच्यासाठी छायाचित्रकाराने निराळा मार्ग सुचवला. घुमटाकार मोठ्या काचेमागचे भिंग निम्मे पाण्यात आणि निम्मे पाण्याबाहेर धरले, तर वरचे व खालचे दृश्य एकाच छायाचित्रात येते. आजी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहतील आणि त्यांची नात त्यांच्या पुढ्यात पाण्याखाली असेल. पाण्याखालची नात बाहेरच्या आजीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसेल. हा केवळ प्रकाशाच्या वक्रीभवनाचा परिणाम आहे. पण हे ऐकून आजी समाधानाने हसल्या.

आपल्या घरांच्या भिंतींवर तथागत बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींच्या शेजारी पदवीदान समारंभांची छायाचित्रे असतात. शिक्षणाचा हक्क आपण कसा वापरला, याची ती साक्ष आहेत. पाण्याच्या हक्काची अशी साक्ष फार थोड्या घरांत सापडेल. शताब्दीला अजून अवधी आहे. छायाचित्र घ्यावे की न घ्यावे, हा ज्याच्या त्याच्या हौसेचा आणि खिशाचा प्रश्न आहे. पोहण्याच्या वर्गात मात्र आपले, आपल्या पत्नीचे आणि आईचे नाव याच आठवड्यात नोंदवावे, अशी आमची आपणांस आग्रहाची विनंती आहे.

जय भीम.