पोलीस ठाण्यात पाहुणे म्हणून जाताना

मुलांनो, तुम्ही पाहुणे म्हणून कुठे कुठे जाता? मामाकडे, आत्याकडे, लग्नाला, बारशाला. पण पोलीस ठाण्यात कधी पाहुणे म्हणून गेला आहात का? हसू नका! जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपल्या महाराष्ट्रातल्या अनेक शाळांमधली मुलं अशी पाहुणी म्हणून जातात, बरं का!

त्याचं कारणही ऐकण्यासारखं आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं. पुढं २ जानेवारी १९६१ रोजी त्या वेळचे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी महाराष्ट्र पोलीस दलाला त्याचा ध्वज दिला. म्हणून २ जानेवारी हा या दलाचा वर्धापन दिन. यालाच 'रेझिंग डे' म्हणतात. त्या निमित्तानं शाळांना ठाणं पाहायला बोलावतात.

मी चौथीच्या वर्गाला घेऊन पहिल्यांदा गेले, तेव्हाची गोष्ट. निघण्यापूर्वी मी सगळं बजावलं होतं. रांग मोडायची नाही, गोंगाट करायचा नाही, कशालाही हात लावायचा नाही. मुलंही शहाण्यासारखी वागत होती. ठाणे अंमलदारांनी स्टेशन डायरी दाखवली. ठाण्यात दिवसरात्र जे जे घडतं, ते वेळेसकट तिच्यात लिहितात. मध्येच वायरलेस खरखरला, तेव्हा सगळे डोळे विस्फारून ऐकू लागले.

तिथंच बाकावर एक आजोबा बसले होते. हातात कापडी पिशवी, डोळे लाल. आमच्यातल्या एका चुणचुणीत मुलानं मोठ्यानं विचारलं, "बाई, यांनी काय चोरलं?"

सगळा वर्ग खो खो हसला. आजोबांनी मान खाली घातली.

हवालदारकाका हळू आवाजात म्हणाले, "बाळा, त्यांनी काही नाही चोरलं. त्यांचंच चोरीला गेलंय. पेन्शन काढून येत होते, गर्दीत कुणीतरी पिशवी कापली."

एकदम शांतता पसरली. खरं सांगू? त्या मुलापेक्षा मलाच जास्त लाज वाटली. मी रांग शिकवली होती, पण ठाण्यात कोण येतं आणि का येतं, हे सांगायचंच राहून गेलं होतं. निघताना तो मुलगा आपण होऊन मागे गेला. "आजोबा, चुकलं माझं," म्हणाला. आजोबांनी विचारलं, "कितवीत रे तू?" बस्स, एवढंच. पण मला हायसं वाटलं.

तेव्हापासून ठाण्यात जाण्याआधी मी वर्गात चार गोष्टी सांगते. तुम्हीही लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट : तिथं बसलेल्या माणसांकडे टक लावून पाहायचं नाही. कुणाचं काही चोरीला गेलेलं असतं, कुणाचं माणूस हरवलेलं असतं, कुणी साक्ष द्यायला आलेलं असतं. आपली सहल असते, पण त्यांचा तो फार वाईट दिवस असतो. कोठडीतही डोकावायचं नाही. कोठडीतला माणूस गुन्हेगार आहे की नाही, हे पोलीस नव्हे, न्यायालय ठरवतं. म्हणूनच अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं.

दुसरी गोष्ट : तिथं जे दिसलं, जे कानावर पडलं, ते गावभर करायचं नाही. समजा, बाकावर तुमच्याच मैत्रिणीची आई दिसली, तर? तर काही नाही. वर्गात ते बोलायचं नाही, कुणाचा फोटोही काढायचा नाही. एखाद्या गुन्ह्याच्या प्रकरणात लहान मूल असेल, तर त्याची ओळख पटेल असं नाव, शाळा किंवा छायाचित्र वर्तमानपत्रालाही छापता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तसं सांगितलं आहे.

तिसरी गोष्ट : काम आधी, पाहुणे नंतर. बोलता बोलता फोन वाजला, काका उठून गेले, तर रुसायचं नाही. कुणीतरी मदतीसाठी हाक मारत असेल. "आता बाहेर थांबा," असं म्हटलं, की 'का?' न विचारता बाहेर थांबायचं. अमेरिकेत काही ठिकाणी तर साध्या नागरिकांनाही पोलिसांच्या गस्तीच्या गाडीत बसून काम पाहता येतं. तिथल्या पाहुण्यालाही हेच पाळावं लागतं. पट्टा लावून बसायचं आणि अधिकारी सांगतील तसंच वागायचं.

चौथी गोष्ट : प्रश्न मात्र भरपूर विचारायचे! आधीच वहीत लिहून न्या. "तुम्ही किती जणांना मारलंत?" हा काही प्रश्न झाला का? त्यापेक्षा विचारा, "तक्रार लिहिल्यावर पुढं काय होतं?" मग कळेल, की पहिल्या खबरीची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, मग गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत का घडलेला असेना. आणि अडचणीत ११२ हा क्रमांक फिरवायचा, हेही पाठ करून या.

आता दोन शब्द आईबाबांसाठी. "जेव, नाहीतर पोलीस धरून नेईल," असं आपण किती सहज म्हणतो! उद्या हेच मूल जत्रेत चुकलं, तर ते खाकी कपडे पाहून मदत मागायला जाईल, की लपून बसेल? तेव्हा मुलाला ठाण्यात पाठवण्याआधी ही भीती घरीच काढून टाका.

महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीदवाक्य तुम्ही वाचलं असेलच : 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. म्हणजे सज्जनांचं रक्षण करण्यासाठी आणि दुष्टांना आवर घालण्यासाठी. पाहा, रक्षण आधी आलं आहे! ते आजोबा त्याच रक्षणाच्या आशेनं बाकावर बसले होते. तुम्ही पाहुणे म्हणून जाल, तेव्हा असं कुणी दिसलं तर जरा बाजूला सरका आणि आधी त्यांना पुढं जाऊ द्या.