हातमोजा ऊब देतो का?

३ जून १९५० रोजी मॉरिस एर्झोग आणि लुई लाशनाल हे दोन फ्रेंच गिर्यारोहक नेपाळमधील अन्नपूर्णा शिखरावर पोहोचले. आठ हजार मीटरपेक्षा उंच शिखर माणसाने सर करण्याची ती पहिलीच वेळ. उतरताना एर्झोग यांनी पाठीवरची पिशवी उघडण्यासाठी हातमोजे काढून खाली ठेवले, आणि पाहता पाहता ते उतारावरून घरंगळत गेले. पिशवीत पायमोजांचा जादा जोड होता. तो हातांत चढवता आला असता. पण विरळ हवेत थकलेल्या मेंदूला ते सुचलेच नाही. उघड्या हातांनी ते खाली आले. पुढे हिमदंशामुळे त्यांच्या हातापायांची बहुतेक सर्व बोटे कापावी लागली.

एवढी उंची आपण गाठणार नाही. पण काश्मीरमधील गुलमर्गला किंवा उत्तराखंडातील औलीला स्कीइंग, म्हणजे लांब पट्ट्या पायांना बांधून बर्फावरून घसरण्याचा खेळ, शिकायला आपल्याकडचेही तरुण जातात. 'हातमोजे कोणते घेऊ?' असे एखाद्या माजी विद्यार्थ्याने विचारले तर काय सांगाल? या प्रश्नात आठवी-नववीच्या विज्ञानाचा बराच भाग दडलेला आहे.

उष्णता येते कुठून?

वर्गात प्रथम एक प्रयोग करा. तापमापी लोकरी मोजात गुंडाळून टेबलावर ठेवा. तासाभराने पारा किती चढेल, असे विचारा. बहुतेक मुले 'चढेल' म्हणतील. पारा तिथेच राहतो! बर्फवाला लादीवर गोणपाट आणि लाकडाचा भुसा घालतो, तोही बर्फाला ऊब देण्यासाठी नव्हे. मोजा उष्णता निर्माण करीत नाही. आत असलेली उष्णता बाहेर जाण्याचा वेग तो कमी करतो.

मग बोटांत उष्णता येते कुठून? बोटे हलवणारे स्नायू बोटांत नसतातच. ते तळहातात आणि कोपराखालच्या भागात असतात. (कोपराखाली हात धरून बोटांची उघडझाप केली की ते जाणवतात.) त्यामुळे बोटांत स्वतःची उष्णता फारच थोडी तयार होते. त्यांना ऊब आणून देते ते रक्त. पण थंडीत शरीर हृदय, मेंदू अशा महत्त्वाच्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. त्वचेचे तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की बोटांची सफाई कमी होते, आणि ते शून्याच्याही खाली गेले तर पेशींतील पाणी गोठू लागते. हाच हिमदंश.

यातून निवडीचा पहिला नियम निघतो : मोजा रक्ताची वाट अडवणारा नसावा. घट्ट मोजा बोटे आवळतो, शिवाय आतला अस्तराचा थर चेपून त्यातील हवाही घालवतो. ऊब राखते ती मुख्यतः तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा. फार सैल मोजाही नको, कारण हात हलताना त्यातील उबदार हवा भात्यासारखी बाहेर फेकली जाते. अंगठा सोडून तळव्याचा घेर मोजून माप ठरवतात. पुरुषांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मोजांचा तळवा रुंद असतो. पण चिठ्ठीवरच्या शब्दापेक्षा स्वतःच्या हाताचे माप खरे मानावे. मोजा घालून मूठ वळावी, एखादी काठी धरून पाहावी. बोटांच्या टोकाशी किंचित मोकळी जागा उरली आणि मूठ सहज वळली, तर माप बरोबर.

पाच बोटे की एक पिशवी?

हातमोजे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एकात प्रत्येक बोटाला वेगळे घर असते. दुसऱ्यात अंगठा वेगळा आणि चारही बोटे एकाच पिशवीत. अधिक उबदार कोणता? हे गणिताने काढू.

प्रत्येक बोट म्हणजे १ सेंमी त्रिज्येची, ८ सेंमी लांबीची वृत्तचिती समजा. त्यावर १ सेंमी जाडीचे अस्तर चढवले की बाहेरची त्रिज्या २ सेंमी होते. टोके सोडली तर वक्रपृष्ठफळ २ × ३.१४ × २ × ८, म्हणजे सुमारे १०० चौ. सेंमी. चार बोटांचे ४०० चौ. सेंमी. आता चारही बोटे शेजारी चिकटवून त्यांच्याभोवती तेवढेच जाड अस्तर गुंडाळा. बाहेरचा परीघ १२ + (२ × ३.१४ × २), म्हणजे सुमारे २४.६ सेंमी होतो आणि पृष्ठफळ सुमारे १९७ चौ. सेंमी. अस्तर तेवढेच, पण थंड हवेला भिडणारा पृष्ठभाग निम्मा!

म्हणून कडाक्याच्या थंडीत, किंवा ज्याचे हात चटकन गार पडतात त्याने, पिशवीचा मोजा घ्यावा. त्यात बुटांचे बंद लावणे अवघड जाते. हाताने कामे करायची असतील आणि थंडी बेताची असेल, तर पाच बोटांचा मोजा बरा.

ओल हा खरा शत्रू

स्की शिकणारा वारंवार पडतो, त्यामुळे मोजे बाहेरून भिजतात. श्रमामुळे घाम येऊन ते आतूनही भिजतात. पाणी हवेच्या सुमारे २५ पट अधिक उष्णता वाहून नेते. अस्तरातील हवेची जागा पाण्याने घेतली की महागडा मोजाही निरुपयोगी ठरतो. त्यात वाऱ्याची भर. ताशी ४० किमी वेगाने घसरणाऱ्याला, हवा स्थिर असली तरी, तेवढाच वारा लागतो.

यावर उपाय म्हणून चांगल्या मोजात थर असतात. बाहेर चामडे किंवा दाट विणीचे नायलॉन, आत ऊब राखणारे कृत्रिम तंतू आणि मध्ये सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा. अमेरिकेत बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून असा सच्छिद्र पदार्थ मिळवला. पाण्याचा थेंब त्याच्या छिद्रांतून आत शिरत नाही. घामाची वाफ मात्र बाहेर पडते. अर्थात बाहेरचे कापड चिंब झाले तर वाफेची वाटही अडते. पिसांचे अस्तर कोरडे असताना फार उबदार असते, पण भिजले की पिसे एकमेकांना चिकटतात आणि मधली हवा निघून जाते. ओल्या बर्फात त्यापेक्षा कृत्रिम तंतू बरे. आतला पातळ मोजा वेगळा निघणारा असला तर रात्री वाळवता येतो.

मनगटही विसरू नये. तिथे रक्तवाहिन्या त्वचेलगत असतात; नाडी तिथेच लागते. मोजाची बाही लांब आणि आवळता येणारी असावी, म्हणजे बर्फ आत शिरत नाही. मोजा मनगटाला दोरीने अडकवलेला असला तर काढल्यावर घरंगळतही नाही. आणि डोके व छाती उबदार ठेवावी. शरीराचा गाभा गार पडला की बोटांचे रक्त आधी तोडले जाते.

वर्गासाठी प्रयोग

तीन सारख्या डब्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एक उघडा ठेवा, दुसऱ्याला कोरडा मोजा घाला, तिसऱ्याला ओला. तिन्ही पंख्यासमोर ठेवून दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा आणि आलेख काढा. कोणता डबा आधी निवेल, याचा अंदाज मुलांकडून आधीच लिहून घ्या. ओल्या मोजाचा आलेख त्यांना बराच वेळ विचार करायला लावील.

शेवटी एक प्रश्न द्या : एर्झोग यांच्या पिशवीतील पायमोजे हातांत घातले असते, तर ते हातमोजांच्या कोणत्या प्रकारात मोडले असते, आणि कितपत उपयोगी पडले असते? कारणे लिहा.