मज्जातंतूंतील विद्युत्संदेश

माकूळ या सागरी प्राण्याचा एक मज्जातंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो. एरव्हीचे तंतू इतके बारीक की, त्यांत उपकरण शिरणेच कठीण. या जाड तंतूत १९३९ मध्ये हॉजकिन व हक्स्ली यांनी विद्युदग्र घातले. विश्रांत तंतू आतून ऋणभारित असतो. संदेश जाताना हा भार केवळ नाहीसा होतो, अशी पूर्वीची समजूत होती. प्रत्यक्षात तो उलटून धन झालेला दिसला. असे का व्हावे? तंतूबाहेर सोडियम विपुल असते. पटलातील मार्ग क्षणभर उघडतात व सोडियमचे धनभारित आयन आत घुसतात. पाठोपाठ पोटॅशियमचे आयन बाहेर पडून पूर्वस्थिती आणतात. हॉजकिन व कॅट्झ यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बाहेरचे सोडियम कमी करताच संदेशाची उंचीही घटली.