आडवा वारा आणि तिरकं विमान

पावसाळ्यात नाणेघाटात जाऊन आलेल्या धसईकराला वाऱ्याची ताकद वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कड्यावरून खाली पडणारं पाणी तिथे वाऱ्याने उलटं वर उडतं. मग मोबाइलवर एखादं विमान धावपट्टीकडे तिरकं येताना दिसलं की तोच माणूस म्हणतो, ‘वाऱ्याने भिरकावलं, पायलटच्या हातातून सुटलं.’ खरं तर ते तिरकं आहे म्हणूनच हातात आहे.

हवेत असलेलं विमान वाऱ्याबरोबरच सरकत असतं. वारा एकसारखा असेल, तर आत बसलेल्याला तो जाणवतही नाही. फक्त जमिनीच्या हिशेबाने विमान बाजूला ढळतं. नदीच्या धारेतून पलीकडे जाणारा नावाडी नावेचं तोंड वरच्या अंगाला ठेवतो, तसा वैमानिक विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवतो. नाक तिरकं, वाट मात्र सरळ धावपट्टीची.

पण असंच तिरकं टेकवलं तर चाकांवर आणि त्यांच्या दांड्यांवर आडवा ताण येतो. म्हणून शेवटच्या क्षणांत रडरने, म्हणजे शेपटावरच्या सुकाणूने, नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं आणि वाऱ्याकडचा पंख थोडा खाली दाबायचा, म्हणजे विमान ढळत नाही. साहजिकच वाऱ्याकडचं चाक आधी टेकतं, मग दुसरं, शेवटी नाकाखालचं. ‘एका चाकावर उतरवलं, नवशिका असणार’ हा शेरा म्हणूनच चुकीचा. आडव्या वाऱ्यात लहान विमान उतरवण्याची ती शिकवलेली रीत आहे.

वाऱ्याचा आकडा ऐकून घाबरणं हाही गैरसमजच. कोन विचारायला हवा. मुंबईची 27 क्रमांकाची धावपट्टी म्हणजे 270 अंशांची, पश्चिमेकडे तोंड असलेली. वारा 240 अंशांवरून 20 नॉटने आला, तर कोन 30 अंशांचा आणि आडवा भाग निम्मा, 10 नॉटच. उरलेला बराचसा जोर समोरून येतो आणि तो उतरायला मदतच करतो, कारण जमिनीवरचा वेग कमी होतो. सेस्ना 172 या लहान विमानाच्या पुस्तिकेत 15 नॉट आडव्या वाऱ्याचा आकडा असतो. ती विमानाची शेवटची हद्द नव्हे. चाचणीत तेवढ्या वाऱ्यात उतरवून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. शिकाऊ माणसाची मर्यादा मात्र त्याच्या बरीच अलीकडे असते आणि असावी.

खरी अडचण झोतांची. 12 नॉटचा वारा मधेच 20 वर जातो आणि पुन्हा पडतो. पडतो त्या क्षणी पंखांवरून जाणारी हवा कमी होते, विमान खाली बसतं. त्यासाठी उतरतानाच्या वेगात झोताच्या फरकाचा निम्मा भाग, इथे 4 नॉट, वाढवण्याची रूढ पद्धत आहे. ‘जास्त वेग म्हणजे जास्त सुरक्षित’ असं समजून 15 वाढवले, तर विमान टेकायलाच तयार होत नाही, धावपट्टी पायाखालून संपत जाते. वेग दहा टक्के वाढला की थांबवायची ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. हँगर किंवा झाडांच्या रांगेमागून येणारा वारा तर आणखी लहरी.

हा सगळा व्याप पूर्वी इतका नव्हता. सुरुवातीचे विमानतळ म्हणजे मोकळी मैदानं. वारा जिकडून, तिकडे तोंड करून उतरायचं. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तो काळ तसा होता. धावपट्टी बांधली आणि दिशा ठरून गेली. जुहूला एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, त्या उगीच नाहीत.

आणि ‘उतरता आलं नाही, परत वर गेला’ असं हिणवण्याबद्दल. टेकायच्या आधी विमान ढळायला लागलं, तर पूर्ण ताकद देऊन वर जाणं हाच योग्य निर्णय. दुसऱ्या खेपेलाही जमलं नाही, तर दुसरी धावपट्टी किंवा दुसरा विमानतळ. त्यापुरतं इंधन आधीच घेतलेलं असतं. टेकल्यावरही काम संपत नाही. उभं शेपूट वारा धरतं आणि नाक वाऱ्याकडे फिरवू पाहतं. म्हणून वेग कमी होत जाईल तसा एलेरॉनचा, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्यांचा, कल वाऱ्याकडे वाढवत, पार्किंगपर्यंत हात-पाय सावध ठेवावे लागतात.